मांगरातली होडी: तळाला फायबर कुठलं आणि कसं?

खाडीकाठचा | 21 एप्रिल, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही अडल्यामुळे.

बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी मुंबईहून गावी आलो. घर वाघोटन खाडीच्या काठाला. विजयदुर्गाकडून खाडीत शिरलं की गिर्ये-रामेश्वरच्या अंगाला आंग्र्यांच्या काळातली खडकातली गोदी आहे. त्या गोदीच्या पंचक्रोशीत एक माजी कॅशियर प्लायवूडची होडी बांधतोय. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे कामाचं बोलायचंय.

होडी 14 फुटी, मध्ये रुंदी सव्वाचार फूट, तळ सपाट. फक्त वल्ह्यांची. इंजिन नाही, शीड नाही. नकाशा विकत घेतला. पद्धत 'शिवा आणि चिकटवा'वाली: प्लायचे पाच लांब तुकडे (तळाचा एक, दोन्ही बाजूंचे दोन-दोन) आणि मागची फळी कापायची, कडेपासून सेंटीमीटरभर आत दर सहा इंचांवर बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने टाके घालायचे. टाके आवळत गेलं की सपाट तुकडे आपसूक वाकतात. संध्याकाळी पाचला मांगरात (कोकणातली शेड) जमिनीवर फळकुटं पडलेली होती, साडेसातला होडी उभी होती. बायको दिवा लावायला आली ती दारातच थांबली. म्हणाली, "ही खरंच होडी दिसतेय हो." त्या 'खरंच'मध्ये दोन वर्षांचा हिशेब होता.

प्लाय 6 मिलिमीटर, आयएस 710 (मरीन प्लाय) शिक्क्याचा, 8 बाय 4 चे पाच ताव. आठ फुटांच्या तावातून 14 फूट काढायचे म्हणजे सांधा आला. दोन्ही कडा एकास आठ उताराने तासल्या, म्हणजे 6 मिलिमीटरला 48 मिलिमीटरचा उतार. रंधा मारताना प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे आले तर उतार बरोबर, नागमोडी झाले तर हात चुकला. माझा पहिला सांधा मांडवी नदीसारखा आला होता. तो चुलीत गेला.

आता अडलंय ते तळाच्या फायबरवर. तालुक्याच्या गावात टाक्या आणि पत्रे करणारी एक वर्कशॉप आहे. ते म्हणतात, मॅटचे दोन थर आणि साधं, पॉलिएस्टरचं रेझिन (फायबर भिजवून घट्ट करणारं रसायन), एका दिवसात मोकळे व्हाल. नकाशावाला म्हणतो, इपॉक्सीचंच रेझिन वापर. इपॉक्सी दुप्पटीहून महाग. नुसता पैसे काढायचा प्रकार आहे की खरंच फरक पडतो?

रेझिनवाला | 21 एप्रिल, रात्री 11.50

भोसरीत वीस वर्षं एफआरपीच्या (फायबरच्या) टाक्या करतोय, म्हणजे माझं पोट पॉलिएस्टरवर आहे. तरी सांगतो: लाकडावर इपॉक्सीच.

कारण असं. साच्यात घातलेली फायबरची होडी आणि लाकडावर चढवलेलं फायबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साच्यातल्या होडीत फायबर हेच शरीर असतं, त्याला कशाला चिकटून राहायचं नसतं, उलट साच्यातून सुटायचं असतं. तिथे पॉलिएस्टर उत्तम. आपल्या बंदरातल्या बहुतेक फायबरच्या होड्या तशाच आहेत. तुमच्याकडे लाकूड हे शरीर आहे आणि फायबर हे कातडं. कातडं सुटलं की संपलं. पॉलिएस्टर सुकताना आकसतं आणि लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही. वर्ष-दोन वर्षांनी कुठल्या तरी कडेला नख घातलं की पापुद्रा निघतो.

दुसरं, तो 'मॅट'. बारीक तुकड्यांची चटई असते ना, तिचे तंतू एका पावडरीने किंवा डिंकासारख्या पदार्थाने एकत्र धरलेले असतात. पॉलिएस्टरमधलं स्टायरिन ते विरघळवतं आणि मॅट मऊ होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे नेहमीची मॅट घेतलीत तर ती कडक राहते आणि वळणावर उचलते. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्या. 14 फुटी वल्ह्यांच्या होडीला बाहेरून 200 जीएसएमचा (चौरस मीटरला 200 ग्रॅम) एक थर पुरे, तळाला आणि कोपऱ्यांना दोन.

रेझिन आपल्याकडे सहज मिळणारं म्हणजे लॅपॉक्स एल-12 आणि के-6 हार्डनर. प्रमाण वजनाने 10 ला 1. इथे टाकीवाल्यांची सवय घात करते. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट एक टक्का घाला नाहीतर दोन टक्के, फक्त लवकर किंवा उशिरा सेट होतं. इपॉक्सीत हार्डनर हा कॅटॅलिस्ट नाही, तो रेझिनशी जोडी जमवतो. जास्त घातलात तर जास्तीचा बिनलग्नाचा उरतो आणि होडी कायमची चिकट. वजनकाटा घ्या, अंदाज नको.

आणि कधी पॉलिएस्टर वापरलंच तर कोबाल्ट (सेट व्हायला वेग देणारं) आणि एमईकेपी (त्यातला कॅटॅलिस्ट) एकमेकांत थेट कधीही ओतू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी. थेट मिसळलं तर भडका उडतो. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला.

तांडेलाचो नातू | 22 एप्रिल, सकाळी 6.35

माका एक सांगा, होडयेक पठाण खय आसा?

फोटो बघितलंय. तळ एकदम ताटासारखो. आमच्या आज्यान अशी होडी बघली असती तर तेच्यात भाजी धुतल्यान असती.

अर्धी भाकरी | 22 एप्रिल, सकाळी 9.10

पठाण??

तांडेलाचो नातू | 22 एप्रिल, सकाळी 9.40

होडीच्या खालून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत जाणारं मुख्य लाकूड. कणा. त्याच्यावर सगळी होडी उभी राहते आणि त्याच्यामुळेच ती सरळ चालते. (मालवणीत लिहिलं की पुणेकर अर्थ विचारतात, म्हणून आता प्रमाण भाषेत.)

शिवण्याचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे देवबागला रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या काथ्याने शिवलेल्या असायच्या, खिळा नाही. फळीला फळी लावून कडांना भोकं आणि काथ्याचे टाके. लाटेतून किनाऱ्यावर आपटत आणायची होडी, ती थोडी लवली पाहिजे. खिळे मारलेली होडी लवत नाही, खिळे सैल होतात. तुम्ही तांब्याच्या तारेने शिवताय, पण तुमची शिवण तात्पुरती. आमची कायमची.

एक मात्र हात जोडून सांगतो. तुमची होडी नवी प्लायची आहे, तिला काय ते लावा. पण हे वाचून कोणी घरातल्या जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवू नका. आमच्या काकाने फणसाच्या होडीवर चढवलं. वर्कशॉपवाला म्हणाला, वीस वर्षं बघायला नको. दोन पावसाळे झाले आणि एके दिवशी नांगर टाकताना काकाचा पाय तळातून आरपार. बाहेरून फायबर गुळगुळीत, आतलं लाकूड तपकिरीच्या भुकटीसारखं. हाताने उकरून काढलं.

फळ्यांची होडी पाणी पिते, फुगते, वर काढली की सुकते, आकसते. फायबर तसं हलत नाही. सांध्यावर बारीक चिरतं, तिथून पाणी आत जातं आणि आतच राहतं. लाकडाक वारो लागाक व्हयो.

फेरीबोट | 22 एप्रिल, दुपारी 1.05

नातवाशी सहमत, पण लाकूड आणि फायबरचं वैर आहे असा अर्थ कोणी काढू नये. आमच्या गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलाची शिडाची नौका 'म्हादेई' बांधली, ती आतून लाकूड आणि वरून फायबरच. सिडारच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून आकार केला आणि त्यावर काच-कापड आणि इपॉक्सी. तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. फरक एवढाच की तिथे लाकूड सुकं असताना सगळीकडून बंद केलं होतं. जुनी होडी आधीच पाणी प्यालेली असते, तिला बंद करणं म्हणजे ओले कपडे ट्रंकेत घालणं.

आणि शिवलेल्या होड्यांचं म्हणाल तर शिडाची नौका 'कौंडिण्य' आठवा. तीही गोव्यातच शिवली, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली, आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिथेही काथ्याच.

गराजवाला | 22 एप्रिल, रात्री 11.15

सिअ‍ॅटलजवळ राहतो, गराजमध्ये दोन होड्या केल्यात. एक पूर्वीची गोष्ट. 1963 मध्ये इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची लहान शिडाची होडी निघाली, एका दैनिकाच्या नावाने, लाल शिडं. घरी बांधायचा संच विकत मिळायचा. तांब्याची तार, प्लाय आणि सांध्यांवर काचेची पट्टी. हजारो लोकांनी त्या घरच्या खोल्यांत बांधल्या. ही पद्धत जगभर पोचली ती तिच्यामुळे. सांध्यांना तेव्हा पॉलिएस्टरच होतं, म्हणजे ते अगदीच चालत नाही असं नाही. पण आज इपॉक्सी हाताशी असताना कोणी तसं करत नाही.

माझी अडचण तुमच्या उलट. इथे हिवाळ्यात गराज 8 अंशांवर, इपॉक्सी तीन दिवस गूळ होऊन बसतं. तुम्हाला मे महिन्यात वेळच मिळणार नाही. एकावेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता. उभ्या पेल्यात ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं.

खाडीकाठचा | 4 मे, रात्री 9.30

इपॉक्सी आणलं. रेझिनवाला, तुमचा सल्ला मानला. गराजवाला, तुमचा मानला नाही, त्याची शिक्षा मिळाली.

आतल्या सांध्यांत फिलेट भरायचं होतं. दोन फळ्या कोनात भेटतात तिथे गोलसर भरण घालायची, म्हणजे ताण एका रेषेवर न येता पसरतो, आणि तिच्यावर काचेची पट्टी. गिरणीतून लाकडाचा भुसा आणला, मैद्याच्या चाळणीने चाळला (चाळणी आता माझी झाली आहे), आणि रेझिनमध्ये कालवला. जाडी किती हवी हे नकाशात अमेरिकन लोण्याच्या भाषेत दिलंय. मी आपलं माप ठरवलं: फळीला पहिला हात ताकासारखा, कापड भिजवायला मधासारखा, सांधा भरायला चक्क्यासारखा. पळी उलटी केली तरी पडता कामा नये. पडलं तर ते श्रीखंड, अजून भुसा घाला.

तर हौसेने अर्धा किलो एकदम कालवलं, उभ्या प्लास्टिकच्या डब्यात. दहा मिनिटांनी डबा हाताला गरम लागला. म्हटलं, उन्हामुळे असेल. पंधराव्या मिनिटाला धूर. डब्याची बाजू मऊ होऊन आत बसली. तसाच धरून खळ्यातल्या वाळूत नेऊन टाकला. सकाळी पिवळा दगड झाला होता, मधोमध तडा गेलेला. कुत्र्याने हुंगून सोडून दिला. आता दारात अडकण म्हणून ठेवलाय.

खाजगी डॉक्टर | 4 मे, रात्री 10.05

त्वचेचा डॉक्टर आहे, नाव मुद्दाम असंच घेतलंय. हातमोजे घातले होते का?

इपॉक्सीची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. महिनोन्‌महिने उघड्या हाताने काम करून काही झालं नाही म्हणणारे एका सकाळी मनगटावर पुरळ घेऊन येतात, आणि त्यानंतर जन्मभर नुसत्या वासानेही त्रास होतो. नायट्राइलचे मोजे घाला, फाटले की बदला. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका. थिनर त्याला कातडीत आणखी आत नेतो. साबण आणि पाणी. सुकलेलं फायबर घासताना लांब बाह्या आणि धुळीचा मास्क. काचेची कुसं लागली तर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका.

अर्धी भाकरी | 5 मे, सकाळी 8.20

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, होडी बांधणार नाही, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. होडी बुडू नये म्हणून आत थर्माकोल भरायचा असतो ना? मग सरळ थर्माकोलचीच होडी करून वर फायबर मारलं तर?

रेझिनवाला | 5 मे, सकाळी 9.00

पॉलिएस्टर ओतून बघा. तुमच्या डोळ्यांदेखत थर्माकोलचा खड्डा होईल. स्टायरिन त्याला खाऊन टाकतं. इपॉक्सी खात नाही. लाटांवर खेळायच्या फळ्या तशा करतातही. होडीला मात्र त्यापेक्षा नाळेत आणि मागे बंद कप्पे बरे, झाकणासह. झाकण यासाठी की वर काढल्यावर उघडून वारा खेळवता येतो.

खाडीकाठचा | 16 मे, रात्री 11.00

तळाचं कापड घातलं. दोनदा घातलं म्हणा.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला सुरुवात केली, उजेड चांगला म्हणून. होडी लाकडी घोड्यांवर पालथी, प्लाय घासून पुसून स्वच्छ, मधासारखं रेझिन ओतत जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने पसरत गेलो. काच-कापड पांढरं असतं, भिजलं की पाण्यासारखं पारदर्शक होतं आणि खालची प्लाय दिसू लागते. जिथे पांढरं राहतं ते उपाशी. साडेदहापर्यंत सगळं आरशासारखं. मग मांगराच्या पूर्वेच्या झरोक्यातून ऊन होडीवर आलं, आणि तळाला फोड यायला लागले. आधी मोहरीएवढे, मग साबुदाण्याएवढे. एक दाबावा तर शेजारी दोन. दुपारी तळ उकडलेल्या दुधावरच्या सायीसारखा दिसत होता.

गराजवाला यांना फोटो पाठवला तेव्हा कारण कळलं: लाकडात हवा असते. लाकूड तापत असताना ती फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये फोड करते. निवत असताना उलटं होतं, लाकूड आत ओढतं. म्हणून काम सकाळी नाही, दुपार उतरल्यावर सुरू करायचं. चारनंतर. आणि आधी नुसत्या रेझिनचा एक पातळ हात देऊन लाकडाची तोंडं बंद करायची, तो सुकला की कापड. एवढी साधी गोष्ट, पण दीड किलो रेझिन आणि तीन दिवस घासकाम गेलं.

दुसऱ्या वेळी पाचला सुरुवात केली, दिव्याच्या उजेडात नऊला संपलं. एक फोड नाही. पण एक पंजा आहे.

शेजारचा मुलगा मदतीला येतो. उत्साही आहे. संध्याकाळी अंघोळ करून, केसांना चापून खोबरेल लावून आला, आणि कापड घालायच्या आधी होडीला टेकून उभा राहिला. सकाळी बघतो तर नाळेजवळ पाच बोटं आणि तळहात, स्पष्ट, कापडाखाली धुकट पांढरे. तिथे रेझिनने लाकूड धरलंच नव्हतं. आयुष्यभर नाणी वाजवण्यात गेलं, म्हणून रुपया घेऊन सगळा तळ ठोकत गेलो. चांगल्या जागी 'टक्', पंज्यावर 'ठप्प'. पंजा कापून काढला, घासला, दोन इंच बाहेरपर्यंत नवं कापड घातलं. त्या पोराने दोन दिवस तोंड दाखवलं नाही. मग बायकोने घावणे करून बोलावून आणला.

गराजवाला | 17 मे, सकाळी 7.40

हा पंजा ठेवायला हवा होता, सहीसारखा :)

पुढचा हात कधी देताय? पहिला हात नख उमटेल पण बोटाला चिकटणार नाही इतका सुकला की लगेच पुढचा द्या, दोन्ही रासायनिक रीतीने एक होतात. रात्र उलटली तर घासल्याशिवाय नको.

खाडीकाठचा | 9 जून, संध्याकाळी 7.15

उशीर झाला. पाऊस 5 तारखेला लागला आणि माझे दोन हात बाकी होते. ताडपत्री लावून उरकले. दुसऱ्या दिवशी तळावर मेणचट, धुरकट थर. घासायला घेतलं तर पॉलिश पेपर क्षणात भरतोय, जणू साबण घासतोय. रेझिन बिघडलं का?

रेझिनवाला | 9 जून, रात्री 8.00

बिघडलं नाही, घाम आलाय. दमट हवेत हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संधान बांधतो, त्याचा हा थर. थिनर नको, आणि आधी घासू नका, घासलंत तर तो आत पसरतो. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी. दोनदा धुवा, पुसा, सुकू द्या, मग पॉलिश पेपर. त्यावर रंग तसाच मारला असता तर रंग सोलून निघाला असता.

आणि रंग माराच. इपॉक्सी पाण्याला भीत नाही, उन्हाला भितं. कोकणातल्या उन्हात उघडं राहिलं की आधी पिवळं पडतं, मग खडूसारखं भुकटी होतं. दोन भागांचा पॉलियुरेथेन बरा.

फेरीबोट | 9 जून, रात्री 9.25

प्लायच्या उघड्या कडा आणि भोकं विसरू नका. बहुतेक घरगुती होड्या तळातून नाही, वल्ह्याच्या कड्या बसवलेल्या स्क्रूच्या भोकातून कुजतात. भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, सुकलं की मधोमध पुन्हा लहान भोक. मग स्क्रू लाकडात नाही, इपॉक्सीत बसतो.

अर्धी भाकरी | 10 जून, सकाळी 10.30

परवानगीचं काय? आमच्या धरणात नेली तर पोलीस धरतील का?

फेरीबोट | 10 जून, सकाळी 11.10

धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याचं, तिथे त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. खाडीसाठी जवळच्या बंदर कार्यालयात जा, ते महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाखाली येतं. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार केलाय, तेव्हा 'वल्ह्यांची आहे, कोण विचारतो' असं धरून चालू नका. आणि लाइफ जॅकेट कायदा विचारो न विचारो, घालाच.

तांडेलाचो नातू | 10 जून, दुपारी 12.00

पठाणाचा इचार झालो काय?

खाडीकाठचा | 10 जून, दुपारी 12.20

नकाशात नाही. डिझायनरने विचार करूनच काढलं नसेल का? सपाट तळ उथळ पाण्यात बरा.

तांडेलाचो नातू | 10 जून, दुपारी 12.25

बरा.

खाडीकाठचा | 19 ऑक्टोबर, रात्री 8.50

पावसाळाभर मांगरात रंग झाला, बाकं झाली, बंद कप्प्यांना झाकणं झाली. वजन केलं: 68 किलो. दोघांना उचलते. रेझिन सगळं मिळून 14 किलो लागलं. त्यातलं तीनेक किलो शिक्षणावर.

काल भरतीला होडी पाण्यात सोडली. बायकोने नारळ दिला. पोराने, तोच पंजावाला, नाळेला हळदकुंकू लावलं, हात धुऊन. तिने पाणी घेतलं नाही, एक थेंब नाही. मी तळाला बोट फिरवून बघत होतो.

मग वल्ही मारायला घेतली. काठाजवळ छान चालली. खाडीच्या मध्यावर गेलो, वारा आडवा लागला आणि नाळ फिरायला लागली. उजवं वल्हं जोरात मारलं तर डावीकडे इतकी फिरली की तोंड घराकडे. पुन्हा सरळ केली, वल्ही उचलली, पुन्हा फिरली. पाण्यात ताट सोडल्यासारखी. काठावरून कोणीतरी ओरडून विचारलं, "काका, खय जावचा आसा?" मलाच माहीत नव्हतं.

परत येताना कालवांच्या खडकाला घासली. तळाला वीतभर ओरखडा, रंग गेला, कापडावर पांढरा वण, पण प्लायपर्यंत नाही. कापडाच्या दुसऱ्या थराचे पैसे तिथे वसूल झाले.

नातू, तुम्ही आहात का?

तांडेलाचो नातू | 19 ऑक्टोबर, रात्री 9.05

आसय.

अख्खा पठाण आता लावू नको. मागच्या अर्ध्या भागाला मधोमध उभी पट्टी लाव. मागे चार इंच खोल, पुढे येत येत शून्य. लांबी चार फूट पुरे. नाळ मोकळी राहिली म्हणजे वळेल, शेपूट पाण्यात धरून राहिलं म्हणजे सरळ जाईल. लाकूड साग घे, आणि खालच्या कडेला पितळेची नाहीतर स्टीलची पट्टी, नाहीतर कालवं महिन्यात खातील.

खाडीकाठचा | 19 ऑक्टोबर, रात्री 9.20

तळाचा रंग खरवडायला लागेल ना तिथला?

रेझिनवाला | 19 ऑक्टोबर, रात्री 9.30

कापडापर्यंत. रंगावर चिकटवलंत तर पट्टी रंगाला धरेल, होडीला नाही. घासा, पुसा, चक्क्यासारखं मिश्रण लावून पट्टी बसवा, दोन्ही बाजूंना फिलेट, वर कापडाची पट्टी. चारनंतर.

खाडीकाठचा | 26 ऑक्टोबर, संध्याकाळी 6.40

सागाची पट्टी कापली. आत्ता 40 ग्रॅमला 4 ग्रॅम कालवून आलोय, ताटलीत ओतलंय, मोबाईल मोज्यांसकट हातात आहे. पोरगा पट्टी धरून उभा आहे, केस कोरडे आहेत, तपासलेत.